चांगला समालोचक जेवणानंतरच्या सत्रात ओळखावा

प्रश्न असा आलाय: हर्ष भोगले, रवी शास्त्री, सुनील गावसकर, रिची बेनॉ, टोनी ग्रेग यांच्यात श्रेष्ठ कोण, आणि ते ठरवायचं कशावरून? जोडीला एक शंकाही आहे. जुने समालोचक खरोखरच चांगले होते, की आपण तेव्हा लहान होतो म्हणून ते चांगले वाटतात? आयपीएलच्या मराठी समालोचनाबद्दलही विचारणा आहे.

मी आधी आकाशवाणीवर मराठीतून आणि पुढे दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतून बरीच वर्षं समालोचन केलंय, म्हणून उत्तर जरा माईकच्या या बाजूने देतो.

पहिली गोष्ट, यूट्यूबवरच्या क्लिपा बघून तुलना करू नका. २०११ चा धोनीचा षटकार, २०१६ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले वेस्ट इंडीजच्या कार्लोस ब्रेथवेटचे लागोपाठ चार षटकार, हे प्रसंगच एवढे मोठे की माईकवर कुणीही बरा माणूस असता तरी ती क्लिप आज फिरत असती. शिवाय सामना रंगात आला की शेवटच्या षटकांना कोणाला बसवायचं हे निर्माता ठरवतो, आणि तो साहजिकच सगळ्यांत भारदस्त आवाज बसवतो. तेव्हा मोठे क्षण नेमके शास्त्रींच्याच वाट्याला कसे आले, यात नशिबापेक्षा ड्यूटीच्या तक्त्याचा वाटा जास्त आहे.

समालोचकाचं पाणी जोखायचं असेल तर कसोटीचा तिसरा दिवस घ्या. जेवणानंतरचं सत्र. खेळपट्टी झोपलेली, दोन फलंदाज जमलेले, चेंडू पन्नास षटकं जुना, कर्णधाराने क्षेत्ररक्षण पांगवलेलं. आता हिशेब मांडा. दिवसाची ९० षटकं म्हणजे ५४० चेंडू. गोलंदाज धावू लागल्यापासून चेंडू डेड होईपर्यंत ढोबळमानाने आठ सेकंद धरले, तरी सहा तासांत प्रत्यक्ष खेळ होतो सव्वा तासाच्या आत-बाहेर. उरलेल्या पावणेपाच तासांत हा माणूस काय बोलतो, काय बोलत नाही, आणि तुम्ही आवाज बंद न करता त्याच्याबरोबर किती वेळ बसू शकता, यावर त्याची किंमत ठरते.

दुसरी गोष्ट, खुर्ची बघा. टीव्हीच्या बॉक्समध्ये साधारण दोन प्रकारची माणसं असतात. एक लीड, दुसरा एक्स्पर्ट. लीडने चेंडू सांगायचा, धावा सांगायच्या, आणि रिप्ले सुरू झाला की बाजूला व्हायचं. तिथून एक्स्पर्टने चेंडू का वळला, पाय का हलला नाही, हे उलगडायचं. हर्ष हा लीड, गावसकर एक्स्पर्ट. त्या दोघांत श्रेष्ठ कोण असं विचारणं म्हणजे यष्टीरक्षक चांगला की सलामीवीर असं विचारण्यासारखं आहे. शास्त्री आणि बेनॉ ही थोडी वेगळी जात: दोघेही खेळाडू, पण दोघांनीही लीडची खुर्ची सांभाळली.

हे सगळं चालू असताना कानात निर्मात्याचा आवाज असतो, तो तुम्हाला घरी ऐकू येत नाही. ‘स्लो मोशन येतोय’, ‘स्लिपचा कॅमेरा घेतोय’, ‘ब्रेकला आठ सेकंद’. एक वाक्य ऐकत दुसरं वाक्य बोलायचं आणि तेही जाहिरात सुरू होण्याआधी पूर्णविरामाला आणायचं. आपल्याकडे षटक संपलं की जाहिरात, त्यामुळे सहाव्या चेंडूचं विश्लेषण नेहमी घाईत होतं किंवा होतच नाही. आपले एक्स्पर्ट भरभर बोलतात, अशी तक्रार करताना हेही लक्षात असू द्या.

रेडिओची गोष्ट निराळीच. तिथे चार सेकंद गप्प बसलात तर ऐकणारा ट्रान्झिस्टरला थापट मारतो. गोलंदाज कोणत्या टोकाकडून येतोय, स्लिपमध्ये किती, चेंडू कुठे पडला, बॅट कशी आली, चेंडू कोणाच्या उजवीकडून गेला, धावा किती, धावफलक काय, हे सगळं त्या क्रमाने यायला हवं. आणि धावफलक तर पुन्हा पुन्हा, कारण कोणी तरी नुकताच रेडिओ लावलेला असतोच. नवशिक्यांची पहिली चूक इथे होते: फटक्याचं कौतुक करण्याच्या नादात चेंडू कुठे गेला तेच सांगायचं राहतं.

रेडिओवरच्या माझ्या यादीत जॉन अरलॉट पहिला. हा हॅम्पशायरचा माणूस आधी साउदॅम्प्टनला पोलीस होता, कविता करायचा, आणि १९४६ पासून १९८० पर्यंत बीबीसीवर बोलला. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्लाइव्ह लॉइडच्या एका पुलबद्दल तो म्हणाला, वाटेने जाणाऱ्या माणसाने हातातल्या काठीने काटेरी झुडपाचा शेंडा उडवावा तसा हा फटका. ताकद, सहजपणा, बॅटची दिशा आणि फलंदाजाची मिजास, सगळं एका वाक्यात, आणि तेही त्या क्षणी सुचलेलं. पण मला अरलॉट मोठा वाटतो तो त्याच्या शेवटच्या षटकामुळे. १९८० ची लॉर्ड्सवरची शताब्दी कसोटी, त्याचं अखेरचं सत्र. सगळ्यांना वाटलं निरोपाचं काही बोलेल. त्याने बॉयकॉट २८, गॉवर १५, दोन बाद ६९ असा धावफलक सांगितला, आणि आता ट्रेव्हर बेलीनंतर ख्रिस्तोफर मार्टिन-जेंकिन्स, असं सांगून उठला. मैदानावर घोषणा झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बॉयकॉटनेही हातमोजे काढून वाजवल्या. ऐकणाऱ्याचा धावफलकावरचा हक्क त्याने स्वतःच्या निरोपाच्या आधी ठेवला.

मुंबईकडे या कामाचा पाया घातला बॉबी तल्यारखान यांनी. तीस-चाळीसच्या दशकांत, धर्मावर बेतलेल्या पाच संघांच्या पंचरंगी सामन्यांच्या काळात, ब्रेबर्नवरून ते दिवसभर एकटे बोलायचे. पुढे आकाशवाणीला समालोचकांची मंडळी बसवायची होती, तेव्हा माईक वाटून घ्यायला त्यांनी नकार दिला. आजच्या मापाने हा हट्ट वेडेपणाचा आहे. एकट्याने सहा तास बोलल्यावर शेवटच्या तासाला डोळे चेंडूवर राहत नाहीत, हे करून बघितलेला कोणीही सांगेल. मराठीत पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी लोकांच्या कानाला वळण लावलं. आज आपण सहज बोलतो ती क्रिकेटची मराठी बऱ्याच जणांनी प्रथम त्यांच्याकडून ऐकली. वि. वि. करमरकर मूळचे पत्रकार, त्यामुळे त्यांच्या समालोचनात संघनिवडीपासून मैदानाच्या राजकारणापर्यंत सगळं डोकवायचं. मला ते आवडायचं, काहींना आवडायचं नाही.

आता टीव्ही. इथे चित्र समोर असतं, त्यामुळे रेडिओचे गुण इथे दोष ठरतात. ‘त्याने चेंडू कव्हरमधून टोलवला’ हे टीव्हीवर सांगायची काय गरज, दिसतंय ना? बेनॉचा नियम साधा होता: चित्रात भर घालता येत असेल तरच तोंड उघडा. १९९३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर शेन वॉर्नचा अॅशेसमधला पहिलाच चेंडू माइक गॅटिंगच्या लेगस्टंपबाहेर पडून ऑफस्टंप घेऊन गेला. बीबीसीवर बेनॉ होता. स्वतः लेगस्पिनर, ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार; बोटं, मनगट, हवेतला ड्रिफ्ट, म्हणजे चेंडूचं हवेत सरकणं, यांवर तो अर्धा तास बोलू शकला असता. तो थोडक्यातच बोलला, की गॅटिंगला काय झालं याची अजिबात कल्पना नाही, अजूनही नाही. पडद्यावर गॅटिंगचा चेहरा होता, आणि बाकीचं काम त्याने केलं.

याचं श्रेय एकट्या बेनॉला देणं मात्र अन्यायाचं होईल. समालोचक गप्प बसतो तेव्हा दिग्दर्शकाकडे दाखवण्यासारखा चेहरा असावा लागतो आणि साउंडवाल्याने मैदानाचा आवाज वर घ्यावा लागतो. हे दोघे झोपले असतील तर समालोचकाचं मौन म्हणजे नुसता बिघाड वाटतो. आपल्याकडचे लोक गप्प बसत नाहीत याचं एक कारण हेही आहे, की गप्प बसलं की कानात लगेच ‘बोला, बोला’ सुरू होतं. बेनॉला तसं कोण सांगणार? १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर, ऐन खेळाडू असताना, तो बीबीसीकडे प्रशिक्षण घ्यायला थांबला होता. निवृत्तीनंतर नाव आहे म्हणून माईक हातात आलेल्यांतला तो नव्हे.

टोनी ग्रेग त्याच्या अगदी उलट टोकाला. १९९८ चं शारजा आठवा. २२ एप्रिलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध वाळूचं वादळ, ४६ षटकांत २७६ चं सुधारित लक्ष्य, अंतिम फेरीसाठी २३७ पुरेसे, आणि सचिनच्या १४३. सामना भारत हरला हे आज कित्येकांच्या लक्षातही नाही. दोनच दिवसांनी, वाढदिवशी, अंतिम सामन्यात १३४. हे आपल्याला डोळ्यांइतकंच कानांनीही आठवतं, ते ग्रेगमुळे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, इंग्लंडचा माजी कर्णधार, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला हा माणूस आपल्या पोराच्या फटक्यांवर असा खूश होत होता, की आपल्या घराघरांतल्या आनंदावर बाहेरच्याचा शिक्का बसला. पण ग्रेगला तुम्ही सलग पाच दिवस ऐकलंय का? प्रत्येक गोष्ट टिपेला. त्याला शेजारी जोडीदार लागायचा. ऑस्ट्रेलियाच्या चॅनेल नाइन वाहिनीवर बिल लॉरीबरोबर त्याची खडाजंगी सुरू झाली की दोघेही सुसह्य व्हायचे, आणि मध्येच बेनॉ येऊन सगळं शांत करायचा. म्हणून मी म्हणतो, जोडी तोला. एकेकटा समालोचक ही निम्मी माहिती झाली.

शास्त्रींचा आवाज आणि टायमिंग हे देणं आहे, ते शिकवून येत नाही. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर श्रीलंकेच्या कुलशेखराचा चेंडू प्रेक्षकांत गेला तेव्हा त्यांनी आधी धोनीने थाटात संपवलं हे सांगितलं, मग फटका, मग २८ वर्षांनी विश्वचषक. कोण, काय, आणि त्याचा अर्थ काय, या क्रमाने. एकही शब्द अडखळला नाही. घसा दाटून आलेला असताना हे जमवणं सोपं नाही. पण त्याच शास्त्रींचं दुपारचं सत्र ऐका. बंदुकीच्या गोळीसारखा चेंडू, डॉक्टरांनी लिहून दिल्यासारखी विकेट, अशी तयार माल वापरल्यासारखी वाक्यं रांगेने येतात. चेंडू कोणताही असो, वाक्य तेच. गंमत म्हणजे २०१७ ते २०२१ प्रशिक्षक राहून परत आल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं कितीतरी जास्त आहे. एखाद्या गोलंदाजाने टप्पा का बदलला यावर ते शांतपणे दोन मिनिटं बोलतात तेव्हा फार चांगलं ऐकायला मिळतं. त्यांना तशी दोन मिनिटं क्वचित मिळतात.

हर्षचा खरा गुण त्याची भाषा आहे असं लोक समजतात. माझ्या मते त्याचा गुण प्रश्न विचारण्यात आहे. हैदराबादचा मराठी घरातला मुलगा, केमिकल इंजिनिअर, पुढे आयआयएम अहमदाबाद, विशीच्या आत आकाशवाणीवर, आणि १९९१-९२ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओवर. भारताकडून खेळलेला नाही, हे त्याला आयुष्यभर ऐकवलं गेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर गुलाबी चेंडूच्या कसोटीत चेंडू नीट दिसतो का हे खेळाडूंना विचारायला हवं, असं तो म्हणाला आणि संजय मांजरेकरने थेट प्रक्षेपणात सुनावलं, की आम्ही खेळलेल्यांना ते विचारावं लागत नाही. पुढे मांजरेकरने आपलं चुकलं हे जाहीरपणे मान्य केलं, हे त्याच्या मोठेपणाचं. पण मुद्दा हर्षचाच बरोबर होता. लीड हा घरी बसलेल्या माणसाचा प्रतिनिधी असतो; त्याला उत्तर ठाऊक असलं तरी त्याने विचारायचं असतं. वेस्ट इंडीजचा टोनी कोझियरही प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळला नव्हता, आणि त्या बेटांच्या क्रिकेटबद्दल त्याच्याहून जास्त जाणणारा माणूस कोणत्याही बॉक्समध्ये सापडला नसता. हर्षची उणीव सांगायची तर कधी कधी वाक्य आधी घडवून आणल्यासारखं वाटतं, आणि चेंडू त्या वाक्याची वाट बघत थांबल्यासारखा.

गावसकरांचं काय? फलंदाजाचा मागचा पाय, डोकं, वरचा हात यांबद्दल ते बोलतात तेव्हा वही घेऊन बसावं. विनोद आणि आठवणी सुरू झाल्या की चहा करायला उठलं तरी चालतं. २८ डिसेंबर २०२४ ला मेलबर्नवर ऋषभ पंत ऑस्ट्रेलियाच्या बोलंडला स्कूप करायला, म्हणजे चेंडू मागे उचलून मारायला, जाऊन डीप थर्डला झेल देऊन बसला, आणि एबीसीवर गावसकर तीनदा ‘स्टुपिड’ म्हणाले. लोकांच्या लक्षात तेवढाच शब्द राहिला. त्याच्या पुढचंही ऐकायला हवं: तिथे दोन क्षेत्ररक्षक उभे आहेत, आधीचा फटका हुकलेला आहे, तरीही तोच फटका. म्हणजे शिवीबरोबर कारण होतं. जून २०२५ मध्ये हेडिंग्लेवर पंतने शतक केलं तेव्हा त्याच गावसकरांनी तीनदा ‘सुपर्ब’ म्हटलं. रागावताना आणि कौतुक करताना एकच माप लावणारे एक्स्पर्ट थोडे असतात.

निःपक्षपातीपणाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे आपण सगळे भाबडेपणा करतो. १ फेब्रुवारी १९८१ ला मेलबर्नवर न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा हवे होते. ग्रेग चॅपेलने आपल्या धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू सरपटत टाकायला सांगितलं. बेनॉने ऑस्ट्रेलियन वाहिनीवरून, ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराबद्दल, हा लाजिरवाणा प्रकार आहे आणि क्रिकेटच्या मैदानावर पाहिलेल्या सर्वांत वाईट गोष्टींपैकी आहे, असं सरळ सांगितलं. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर दुसरं टोक दिसलं. मुख्य सामना २४१-२४१, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि चौकार-षटकारांच्या मोजणीवर इंग्लंड विजेता. माईकवर न्यूझीलंडचा इयान स्मिथ. आपला देश विश्वचषक हरतोय त्या सेकंदाला त्याने इंग्लंड अगदी निसटत्या फरकाने जिंकल्याचं सांगितलं, आणि मग दोन्ही बाजूंच्या मनाची अवस्था. आवाजात कुठेही कुरबुर नाही. क्लिपांवरून तुलना करू नका असं म्हणालो खरा, पण ही एक क्लिप मी शिकणाऱ्यांना आवर्जून ऐकवतो.

आता आपल्याकडे. घरच्या मालिकांना आणि आयपीएलला समालोचकांची निवड अनेक वर्षं क्रिकेट मंडळाच्या हातात होती. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षचं नाव यादीतून गेलं, आणि कारण आपल्याला कळवलेलं नाही असं त्याने स्वतः लिहिलं. २०२० मध्ये मांजरेकर मंडळाच्या यादीतून बाहेर गेला. अशा व्यवस्थेत खेळाडूवर किंवा निवड समितीवर कोण किती बोलतो, हे त्याच्या धाडसाइतकंच त्याच्या करारावर अवलंबून असतं. म्हणून एकाच माणसाला दोन ठिकाणी ऐका: घरच्या मालिकेत आणि परदेशी वाहिनीवर. फरक कानाला कळतो. मांजरेकरबद्दल एक वाक्य त्याच्या बाजूने: चुकण्याची शक्यता पत्करून तो आधी मत देतो. जडेजाला कमी लेखणारं २०१९ मधलं त्याचं मत उलटलं, उपांत्य सामन्यात जडेजाने ५९ चेंडूंत ७७ केल्या, आणि मांजरेकरने चूक मान्य केली. निकाल लागल्यावर हुशारी दाखवणाऱ्या दहा जणांपेक्षा हे मला बरं वाटतं.

जुने चांगले होते का? काही होते. पण जुन्यांचं जे आपण आज ऐकतो ते निवडून टिकलेलं आहे. कानपूरच्या एखाद्या रटाळ कसोटीच्या चौथ्या दुपारचं ध्वनिमुद्रण कोणी जपून ठेवत नाही. एक्स्पर्टच्या कामात तर आजचे लोक सरळ सरस आहेत. इंग्लंडचे माजी कर्णधार नासिर हुसेन किंवा माइक आथर्टन ज्या बारकाईने एखाद्या फलंदाजाची ट्रिगर मूव्हमेंट, म्हणजे चेंडू येण्याआधीची पायांची पहिली हालचाल, उलगडतात, तेवढी साधनं आणि तेवढे कॅमेरे सत्तरच्या दशकात कोणाकडे नव्हते. बिघडलं ते लीडचं काम. २००८ मध्ये आयपीएल आली तेव्हा षटकार गेला की ‘डीएलएफ मॅक्सिमम’ म्हणणं आलं. फटका चांगला की वाईट, सीमारेषा किती जवळ, याच्या आधी प्रायोजक. एकदा सगळेच षटकार एका आवाजात सांगायची सवय लागली की खरोखरच्या मोठ्या षटकाराला आवाज उरत नाही. वेस्ट इंडीजचा माजी वेगवान गोलंदाज इयान बिशप, त्याच्याकडे तो उरलेला असतो. एकोणीस वर्षांखालच्या पोरांपासून सगळ्यांचा त्याचा अभ्यास असतो, एरवी तो संयमाने बोलतो, आणि म्हणून २०१६ ला कोलकात्यात ब्रेथवेटचं नाव लक्षात ठेवा असं तो ओरडला तेव्हा ते अंगावर आलं.

मराठी फीडबद्दलही विचारलंय. २०२३ पासून आयपीएल मराठीतून ऐकता येते. त्याच वर्षी केदार जाधव मराठीतून बोलत होता, आणि स्पर्धा अर्ध्यावर असताना बंगळूरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं. असा समालोचक दुसरा मिळणार नाही. या फीडची तुलना इंग्रजीशी करताना एवढं लक्षात ठेवा, की प्रादेशिक भाषांचे समालोचक बहुतेक वेळा मैदानावर नसतात. स्टुडिओत बसून तुम्हाला दिसतो तोच पडदा ते बघतात. कर्णधाराने मिडविकेट मागे नेला हे मैदानावरच्या माणसाला खिडकीतून दिसतं, स्टुडिओतल्याला दिग्दर्शकाने दाखवलं तरच. त्यामुळे क्षेत्ररक्षणावर ते कमी बोलतात, आणि ती पोकळी आरडाओरड आणि यमकं जुळवून भरायचा मोह होतो. वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी ठसक्यात कोणी सहज बोललं तर छानच वाटतं. ठसका लावून बोललेलं दोन षटकांत कंटाळवाणं होतं.

थेट नावं हवीच असतील तर सांगतो. रेडिओवर अरलॉट. टीव्हीवर कसोटीसाठी लीड बेनॉ, शेजारी सकाळच्या सत्राला गावसकर, दुपारी आथर्टन. पन्नास षटकांच्या सामन्यासाठी हर्ष आणि बिशप, मधल्या षटकांत, सगळे पेंगायला लागले की, तासभर ग्रेग. शास्त्रींना मी शेवटच्या पाच षटकांना बसवेन, आणि एक अट घालेन: दुपारी त्यांनी बॉक्समध्ये यायचं, पण बोलायचं फक्त गोलंदाजीवर.